खेळाडूची किंमत आंकड्यांत



गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा भाचा आमच्याकडे आला होता. एके दिवशीं सकाळीं तो संगणकापुढें डोक्याला हात लावून बसलेला दिसला. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, त्याचा संघ ओळीनें सात सामने हरला होता. हा संघ कोठल्या मैदानावरचा नव्हे. 'बास्केटबॉल जीएम' या नांवाचा एक खेळ आहे. त्यांत आपण चेंडूला हात लावावयाचा नसतो, संघाचा व्यवस्थापक व्हावयाचें असतें. खेळाडू घ्यावे, द्यावे, त्यांचे पगार ठरवावे. सामना मात्र यंत्र खेळतें. "मामा, मीं ५८ चा खेळाडू देऊन ६१ चा घेतला, आणि तेव्हांपासून आम्ही हरतोंच आहों," अशी त्याची तक्रार होती. हे ५८ आणि ६१ येतात कोठून, असें मीं विचारलें, तर त्याला सांगतां येईना. मलाहि तें समजून घेण्यास दोनतीन रात्री खर्चाव्या लागल्या.

या खेळांत प्रत्येक खेळाडूचीं पंधरा अंगें मानलेलीं आहेत. उंची, बळ, वेग, उडी आणि दम हीं पांच शरीराचीं. बास्केटजवळून, मध्यम अंतरावरून आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून चेंडू टाकण्याचें कसब, डंक आणि फ्री थ्रो हीं पांच हाताचीं. उरलेल्या पांचांत चढाईची समज, बचावाची समज, ड्रिब्लिंग, पास आणि रीबाउंड. प्रत्येकाला शून्यापासून शंभरापर्यंत अंक. आतां कोणी म्हणेल, पंधरांची बेरीज करून पंधरांनीं भागलें कीं काम झालें. तसें नाहीं. प्रत्येक अंगाला निराळें वजन आहे, आणि उंचीचें वजन बरेंच मोठें आहे. हीं वजनें कोणी आपल्या मर्जीनें ठरविलेलीं नाहींत. कोणत्या अंगामुळें संघाचा किती फायदा झाला, याचा हिशेब मांडून तीं काढलेलीं आहेत. संख्याशास्त्रांत या रीतीला समाश्रयण म्हणतात. संघाचा अंक काढतांनाहि पहिले दहा खेळाडू उतरत्या क्रमानें घेतात आणि पहिल्याला सर्वांत अधिक, दहाव्याला सर्वांत कमी वजन देतात.

परंतु खरी गोम पुढेंच आहे. सामना चालू असतांना यंत्र त्या ६१ कडे पाहतहि नाहीं. रीबाउंड कोणाला मिळावा हें ठरवितांना तें उंची आणि रीबाउंडचें अंग मुख्यतः पाहतें. पास द्यावयाचा असला तर निराळीं अंगें पाहतें. शिवाय एकमेकांना पूरक असे खेळाडू एकत्र आले तर संघाला वाढीव लाभ मिळतो, आणि तो लाभ खेळाडूच्या एकट्या अंकांत दिसत नाहीं. भाच्यानें दिलेला ५८ चा खेळाडू हा त्याच्या संघांतला चेंडू सांभाळून पुढें नेणारा एकमेव माणूस होता. घेतलेला ६१ चा उंच गडी त्याच्याजवळ असलेल्या दुसऱ्या तिघांसारखाच होता. घरांत तीन पाटे असतांना वरवंटा देऊन चौथा पाटा आणावा, तसें झालें!

खऱ्या खेळांत गोष्ट उलट असते. तेथें अंग माहीत नसतें, हातीं असते ती केवळ सामन्याची नोंद. तिच्यावरून माणसाची किंमत काढावयाची. जॉन हॉलिंजर या अमेरिकन लेखकानें एका सामन्यासाठीं 'गेम स्कोर' नांवाचें एक सूत्र केलें आहे. खेळाडूनें मिळविलेले गुण घ्यावे. खेळ चालू असतांना केलेल्या प्रत्येक यशस्वी फेकीमागें ०.४ मिळवावे, आणि यशस्वी असो वा नसो, एकूण प्रत्येक फेकीमागें ०.७ वजा करावे. चुकलेल्या फ्री थ्रोमागें ०.४ वजा. आपल्याच संघाची चुकलेली फेक परत झेलली तर ०.७, प्रतिपक्षाची झेलली तर ०.३. स्टीलला १, असिस्ट व ब्लॉक यांना ०.७; फाउलला ०.४ वजा आणि चेंडू गमावला तर पुरता १ वजा.

हा ०.७ विचित्र वाटतो, पण त्याला अर्थ आहे. एकदां चेंडू हातीं आला म्हणजे त्या पाळीचें मोल साधारण एक गुण. फेक चुकली तरी दहांतून तीन वेळां चेंडू पुन्हां आपल्यालाच मिळतो असें धरलें, तर चुकीनें पाळीचा सात दशांशच बुडतो. जो तो परत झेलतो त्याला म्हणूनच ०.७ परत मिळतात.

आतां दोन सामने पाहूं. २२ जानेवारी २००६ रोजीं लॉस एंजेलिस येथें कोबी ब्रायंटनें टोरांटोविरुद्ध ८१ गुण केले. ४६ फेकींत २८ यशस्वी. २८ मार्च १९९० रोजीं मायकेल जॉर्डननें शिकागोकडून क्लीव्हलंडविरुद्ध ६९ केले. ३७ फेकींत २३ यशस्वी, शिवाय १८ रीबाउंड, ६ असिस्ट, ४ स्टील. सूत्र लावलें तर ब्रायंटला ६३.५ मिळतात आणि जॉर्डनला ६४.६. बारा गुण कमी करूनहि जॉर्डन वर! मात्र क्लीव्हलंडचा सामना जादा वेळेंत गेला होता. जॉर्डन ५० मिनिटें खेळला आणि ब्रायंट ४२. मिनिटांनीं भागलें कीं क्रम पुन्हां उलटतो. हॉलिंजरच्याच 'पर' या दुसऱ्या मापांत म्हणून मिनिटांचा आणि खेळाच्या गतीचा हिशेब धरलेला असतो, आणि सर्व खेळाडूंची सरासरी १५ येईल अशी त्याची मांडणी असते.

मला स्वतःला गेम स्कोरचा एक दोष फार खटकतो. एखाद्यानें दोन गुणांच्या दहा फेकी केल्या आणि तीनच साधल्या, असें समजा. गुण सहा, अधिक १.२, वजा ७, बाकी ०.२, म्हणजे तरीहि जमेला! वास्तविक दहा फेकींत सहाच गुण करणारा गडी संघाला बुडवितो. हें माप लावून खेळाडू निवडणारा व्यवस्थापक हावरटालाच बक्षीस देईल.

उलट कांहीं जणांचें काम नोंदींत उमटतच नाहीं. ह्यूस्टनचा शेन बॅटिए गुण थोडे करी, रीबाउंडहि थोडेच घेई. २००९ मध्यें मायकेल लुइस या लेखकानें न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकांत त्याच्यावर लेख लिहिला, तो याच कारणासाठीं. बॅटिए मैदानावर असतांना त्याचा संघ चांगला खेळे आणि प्रतिपक्षाचा मोठा खेळाडू नेमका त्याला न साधणाऱ्या जागेवरून फेक करी. हें पकडण्यासाठीं 'प्लस-मायनस' हें माप आहे: खेळाडू मैदानांत असतांना आपल्या संघानें किती गुण केले आणि किती दिले, त्यांतील अंतर. पण सोबतच्या चौघांचें पुण्य आणि पाप त्यांतच मिसळलेलें असतें. तें निवडून काढावयास पुन्हां तें समाश्रयण आलेंच.

हें सर्व मीं भाच्याला फराळाच्या ताटावर समजावून सांगितलें. त्यानें किती ऐकलें कोण जाणे. चकल्या मात्र संपल्या. भाऊबीजेच्या संध्याकाळीं त्यानें आपला ६१ चा उंच गडी देऊन ५६ चा एक ड्रिब्लिंग करणारा खेळाडू आणला. पुढचा सामना तो दोन गुणांनीं हरला, आणि त्यानंतरचे तीन जिंकला.