विश्लेषण : स्वतःचा चेहरा, स्वतःचे अक्षर... २४ चित्रांत हलते पोस्टर कसे तयार होते?

मार्च २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर ‘घिबली’ शैलीतील चित्रांची लाट आली. सप्टेंबरमध्ये ‘नॅनो बनाना’च्या साडीतील फोटोंची आली. दोन्ही वेळा कृती एकच होती. आपला फोटो अपलोड करायचा आणि काही सेकंदांत तयार चित्र उतरवून घ्यायचे. त्यात मजा होती, पण दोन गोष्टी मागे राहिल्या. सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले दिसू लागले आणि आपला फोटो कोणाच्या तरी सर्व्हरवर गेला. याच्या उलट वाटेने जाणारा एक प्रकार कला महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि हौशी चित्रकार करतात. तो म्हणजे हाताने काढलेले, हाताने लिहिलेले आणि फोनवर हलणारे स्वतःचे पोस्टर. त्यासाठी सराईत चित्रकार असावे लागत नाही. कागद, मार्कर, फोन आणि थोडे गणित पुरते. ते कसे, हे समजून घेऊ.

हे पोस्टर म्हणजे नेमके काय?

यात तीन घटक असतात. पहिला, स्वतःचे व्यक्तिचित्र. दुसरा, फॉन्ट न वापरता हाताने काढलेले नाव किंवा एखादा शब्द. तिसरा, दोन-तीन सेकंदांची हालचाल, जी संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. याला लूप म्हणतात. कथा सांगणाऱ्या अ‍ॅनिमेशनपटापेक्षा हे वेगळे असते. पोस्टर एका नजरेत कळले पाहिजे. त्यामुळे लूप कुठेही थांबवला तरी ‘हा कोण’ याचे उत्तर मिळाले पाहिजे, ही त्याची पहिली अट.

ही कल्पना नवी आहे का?

चेहऱ्याशेजारी स्वतःच्या हाताने अक्षरे लिहिण्याची पद्धत पाचशे वर्षांहून जुनी आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने १५०० मध्ये रंगवलेले स्वतःचे चित्र म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक संग्रहालयात आहे. त्यात चेहऱ्याच्या एका बाजूला त्याची आद्याक्षरांची खूण आहे, तर दुसऱ्या बाजूला लॅटिन मजकूर. आपण वयाच्या २८ व्या वर्षी स्वतःला रंगवले, असे त्याने तिथे लिहून ठेवले आहे.

चेहरा हलवण्याचा प्रयोगही जुनाच. जे. स्टुअर्ट ब्लॅकटन यांनी १९०६ मध्ये फळ्यावर खडूने चेहरे काढून, थोडे थोडे बदलत, एकेक फ्रेम टिपत तीन मिनिटांचा चित्रपट केला. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी पूर्ण लांबीच्या चित्रपटाआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच फ्रेमगणिक टिपली होती. आज फोनवर ‘स्टॉप मोशन’ नावाने जे केले जाते, त्याचे तत्त्व तेच आहे.

नाव टाइप का करायचे नाही?

फॉन्टमध्ये प्रत्येक ‘म’ दुसऱ्या ‘म’सारखाच असतो. हाताने काढलेल्या नावात शेजारचे अक्षर बघून वळण बदलता येते. मराठीत हे काम किती पुढे जाऊ शकते, ते कमल शेडगे यांनी दाखवले. मराठी नाटकांची त्यांनी काढलेली शीर्षके वाचण्याआधीच ओळखू येत. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट तयार करणारे र. कृ. जोशी हेही मुळात सुलेखनकार होते. म्हणजे आपण टाइप करतो त्या अक्षरामागेही कोणाचा तरी हात आहेच.

मराठी वाचकासाठी आणखी एक कारण आहे. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी वळणे. फोन आणि संगणकावरील अनेक फॉन्टमध्ये त्यांच्या जागी हिंदी वळण दिसते. नावात ‘शीतल’, ‘विशाल’ किंवा ‘शैला’ असेल तर स्वतःच्या पोस्टरवर स्वतःचे नाव शाळेत गिरवले त्याहून निराळे दिसते. चित्रे बनवणारी एआय साधनेही देवनागरीत अजून अडखळतात. जोडाक्षर फुटणे, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाणे असे प्रकार होतात. हाताने लिहिताना ही अडचणच येत नाही.

देवनागरी अक्षरे काढताना काय सांभाळायचे?

सुरुवातीला जाड टोकाचा साधा मार्कर घ्यावा. कट निब किंवा बोरू वापरायचा असेल तर तो देवनागरीसाठी तासलेला हवा. इंग्रजी सुलेखनाच्या निबचा काप उलट्या बाजूला झुकलेला असतो. त्याने देवनागरी लिहिले की जाड-बारीकपणा चुकीच्या जागी येतो.

आधी वेगळ्या कागदावर नाव वीस-पंचवीस वेळा लिहावे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी. कधी उंची, कधी रुंदी, कधी फक्त काना. त्यातले एक निवडून मोठे करावे. शिरोरेषा कुठे येते, हे पोस्टरमध्ये फार महत्त्वाचे. ती सरळ, मोठी आणि ठळक असल्याने नजर तिच्यावरच जाते. ती डोळ्यांच्या पातळीला समांतर ठेवली तर चेहरा आणि नाव एकाच चौकटीत बसल्यासारखे वाटतात. नावात वेलांटी, मात्रा किंवा रफार असेल तर शिरोरेषेच्या वर जागा सोडावी लागते. उकार असेल तर खाली.

हलवायचे काय आणि स्थिर काय ठेवायचे?

खरा निर्णय हा आहे. नवशिक्याला सगळेच हलवावेसे वाटते. केस उडतात, डोके डोलते, अक्षरे नाचतात, आणि बघणाऱ्याला नजर कुठे ठेवावी तेच कळत नाही. एका वेळी एकच मोठी हालचाल, हा सोपा नियम.

उदाहरणार्थ, चेहरा जागेवर आहे आणि त्याच्याखाली नाव आहे. डोळे मिटतात, तसे नाव नाहीसे होते. डोळे उघडतात, तसे नाव पुन्हा लिहिले जाऊ लागते. आपण लिहिताना शिरोरेषा शेवटी देतो, तशीच ती इथेही डावीकडून उजवीकडे सर्वांत शेवटी येते. मराठी लिहिणाऱ्या कोणालाही ती रेघ ओढली गेली की शब्द पूर्ण झाला, हे कळते.

बाकी चित्र अगदी गोठलेले वाटू नये म्हणून एक जुनी युक्ती वापरतात. एकच चेहरा तीन वेळा गिरवायचा. हात यंत्र नसल्यामुळे तिन्ही चित्रांत रेषा केसभर सरकतात. ती १-२-३, १-२-३ अशी फिरवली की रेषा जिवंत असल्यासारखी थरथरते. अ‍ॅनिमेशनवाले याला रेषेचे ‘बॉइल’ होणे म्हणतात. थरथर जास्त वाटली तर प्रत्येक चित्र दुप्पट वेळ दाखवावे.

एकूण किती चित्रे लागतात?

चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम दाखवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. तीन सेकंदांच्या लूपसाठी ३६ जागा भरायच्या. पण तेवढी चित्रे काढावी लागत नाहीत :

• चेहरा : ३ वेळा गिरवलेला
• पापण्या : २ (अर्ध्या मिटलेल्या आणि पूर्ण मिटलेल्या)
• पूर्ण नाव : ३ वेळा गिरवलेले
• नाव लिहिले जाण्याचे टप्पे : १६ (अक्षरांचे १२, शिरोरेषेचे ४)

एकूण २४. त्यांची मांडणी अशी : फ्रेम १ ते १८ चेहरा आणि पूर्ण नाव. १९ व्या फ्रेमला पापण्या अर्ध्या. २० व्या फ्रेमला डोळे मिटलेले आणि नाव गायब. २१ व्या फ्रेमला पापण्या पुन्हा अर्ध्या आणि पहिले वळण सुरू. ३२ पर्यंत अक्षरे, ३३ ते ३६ शिरोरेषा. मग पुन्हा फ्रेम १. पूर्ण नाव सुमारे दीड सेकंद दिसते. तीन-चार अक्षरे वाचायला तेवढा वेळ पुरतो.

यात दोन बारकावे आहेत. ३६ ला ३ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे लूप जुळतो तिथे थरथरीला हिसका बसत नाही. आणि पहिल्या फ्रेममध्ये पोस्टर पूर्ण असते. अनेक ठिकाणी व्हिडीओ सुरू होण्याआधी पहिली फ्रेमच दिसते. ती अर्धवट असेल तर पोस्टरच अर्धवट दिसते.

कागदावर प्रत्यक्ष कसे करायचे?

१. आरशात बघून किंवा स्वतःच्या फोटोवरून चेहरा काढा. आरशात भांग उलट्या बाजूला दिसतो, हे लक्षात ठेवा. सगळे तपशील नकोत. चष्मा, भुवया, केसांचा आकार, दाढी किंवा टिकली यांतल्या तीन-चार खुणा पुरतात.

२. खिडकीच्या काचेवर कागद धरून चेहरा आणखी दोनदा गिरवा. तिन्ही कागद एकत्र धरून पंचिंग मशिनने भोके पाडा. पुठ्ठ्यावर तेवढ्याच अंतरावर दोन खुंट्या बसवल्या की प्रत्येक कागद नेमका त्याच जागी बसतो.

३. नाव ट्रेसिंग पेपरवर लिहा. हा कागद वरच्या कडेला चिकटपट्टीने बिजागरीसारखा लावला की खालचा चेहरा बदलता येतो. अक्षरांच्या खुणा फिकट निळ्या पेन्सिलने करा. पुढे फोटो काळा-पांढरा केला की त्या नाहीशा होतात.

४. पापण्यांसाठी कागदाचे छोटे तुकडे कापून डोळ्यांवर ठेवा.

५. फोन पुस्तकांच्या ढिगावर किंवा दोन स्टुलांच्या मध्ये पक्का ठेवा. मागचा कॅमेरा वापरा. पुढचा कॅमेरा काही फोनमध्ये अक्षरे उलटी टिपतो. स्क्रीनवर बोट दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि प्रकाश लॉक होतो. तो लॉक केला नाही तर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो.

६. एकेक वळण वाढवत फोटो घ्या. २० व्या फ्रेमला नाव नसले तरी कोरा ट्रेसिंग पेपर ठेवाच. तो काढला तर कागदाचा पांढरेपणा बदलतो आणि ती एकच फ्रेम चमकते.

फोटो जोडण्यासाठी ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ हे अ‍ॅप सोयीचे आहे. थेट स्क्रीनवर चित्र काढायचे असेल तर ‘फ्लिपाक्लिप’ आहे. त्याच्या मोफत आवृत्तीत वॉटरमार्क येतो. संगणकावर ‘क्रिता’ पूर्ण मोफत आहे. स्क्रीनवर काढताना चेहरा, पापण्या आणि नाव वेगवेगळ्या लेयरवर ठेवावे. आधीचे चित्र पुसट दिसण्याची सोय, म्हणजे ‘ओनियन स्किन’, सुरू ठेवली की गिरवणे सोपे जाते.

फाइल कोणत्या प्रकारची ठेवायची?

जीआयएफ हा प्रकार १९८७ चा आहे. त्यात एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. दोन-तीन सपाट रंगांच्या चित्राला ते भरपूर होतात आणि फाइल लहान राहते. कागदाचा पोत, सावली, पिवळट प्रकाश तसाच ठेवला तर मात्र फाइल फुगते. म्हणून फोटोंचा कॉन्ट्रास्ट वाढवून कागद शुभ्र आणि रेघ काळी करून घ्यावी, मग एखादा रंग भरावा. जीआयएफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजतात. बाराची चाल हवी असेल तर प्रत्येक चित्राला ८ भाग द्यावेत. ३६ फ्रेमचा लूप २.८८ सेकंदांचा होतो.

इन्स्टाग्राम पोस्टसाठी १०८० बाय १३५० पिक्सेलचा एमपी-४ व्हिडीओ ठेवावा आणि लूप चार-पाच वेळा जोडून घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपचे हलते स्टिकर करायचे असेल तर मर्यादा कडक आहे. ५१२ बाय ५१२ पिक्सेल आणि ५०० केबीच्या आत. तिथे नाव लहान होऊन वाचता येत नाही, म्हणून फक्त पहिले अक्षर घ्यावे.

यात काही धोका आहे का?

लुकलुकण्याचा आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने चमकला आणि ६०० हून अधिक प्रेक्षकांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुलभता निकषांनुसार कोणतीही गोष्ट सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमकू नये. बारीक रेषेची थरथर हा वेगळा प्रकार आहे. मात्र संपूर्ण पार्श्वभूमी काळी-पांढरी किंवा लाल अशी उघडझाप करणारी ठेवू नये.

एआय मिनिटात करून देते, मग एवढी खटपट कशाला?

घाईत शुभेच्छापत्र हवे असेल तर एआय वापरायला हरकत नाही. स्वतःच्या ओळखीचे पोस्टर हा वेगळा प्रश्न आहे. कागदावर काढलेल्या चेहऱ्यासाठी कोणालाही फोटो द्यावा लागत नाही. तिथे तुम्हीच ठरवता की नाकावरचा व्रण ठेवायचा की गाळायचा, चष्मा घालायचा की काढायचा. यंत्र हे निर्णय न विचारता घेते आणि त्वचा गुळगुळीत, चेहरा गोरा, नाक सरळ करून टाकते. डिझाइनच्या क्षेत्रात काम शोधणाऱ्यांसाठी आणखी एक फायदा आहे. वीस-पंचवीस वेळा लिहिलेल्या नावाचे कागद पोर्टफोलिओत लावले की शेवटच्या आकारापर्यंत तुम्ही कसे पोहोचलात, हे समोरच्याला दिसते.

सुरुवात करायची असेल तर पहिल्या दिवशी फक्त नाव लिहावे आणि ते तीनदा गिरवून फिरवून पाहावे. एवढ्या तीन चित्रांचाही लूप होतो. चेहरा दुसऱ्या दिवशी, पापण्या तिसऱ्या. शनिवार-रविवार आणि एखादी संध्याकाळ एवढ्यात पोस्टर पूर्ण होऊ शकते.