लीद, फावडं आणि दुखरी कंबर

पावसाळ्यात पुण्यात रेसचा हंगाम, हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर. जागा बदलली तरी साईसाचा, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याचा, दिवस उजाडायच्या आधीच सुरू होतो. साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा दिवसाला वीस-बावीस किलो लीद टाकतो, वर आठ-दहा लिटर मूत. भिजलेला पेंढा धरला तर चार घोड्यांमागे रोज शंभर किलोंहून जास्त ऐवज उपसावा लागतो. त्यात कंबर धरली की सल्ल्यांना तोटा नसतो, आणि त्यातले बरेचसे चुकीचे असतात.

पहिला सल्ला ठरलेला : चार दिवस आडवा पड. पण साध्या कंबरदुखीत नुसतं पडून राहिल्याने दुखणं लांबतं. झेपेल तेवढं हिंडत-फिरत राहावं, असंच आता डॉक्टर सांगतात. दुसरा, कंबरेला पट्टा बांध. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या कामगार-आरोग्य संस्थेने १९९४ सालीच सांगितलं, की धडधाकट कामगाराची कंबर पट्ट्याने वाचते याला पुरेसा पुरावा नाही.

‘एमआरआयमध्ये मणक्यातली गादी झिजलेली निघाली, आता फावडं सोडा’ हेही नेहमीचंच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचे अहवाल तपासले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. तेव्हा नुसत्या अहवालावरून कुणाची रोजी बंद करणं बरोबर नाही.

जिच्याकडे कुणी पाहत नाही, ती गोष्ट म्हणजे कामाची वेळ. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणून माणूस सकाळी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच भरतो. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. जुनी कंबरदुखी असलेल्यांना उठल्यावर पहिले काही तास वाकणं टाळायला शिकवलं, तर त्यांचं दुखणं कमी झालं, असं स्टोव्हर स्नूक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवलं. तबेल्यात मात्र अंथरुणातून उठलेला माणूस थेट खराटा उचलतो! त्याऐवजी आधी दाणा-वैरण आणि खरारा उरकावा, आणि घोडा ट्रॅकवर गेल्यावर लीद काढायला घ्यावी. तोवर अंग मोकळं होतं, तबेलाही रिकामा असतो.

‘रोज कशाला, आठवड्यातून एकदाच उपसू’ हा हिशेब तर उलटाच पडतो. साचलेला पेंढा मूत पिऊन जड होतो, खाली घट्ट बसतो, आणि अमोनिया डोळ्यांना झोंबतो. घोड्याचे खूर ओल्यात राहून सडायला लागतात ते वेगळंच.

गुडघ्यात वाकून उचला, हे शिकवून कंबरदुखी टळते, असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. फरक पडतो तो सामानाने आणि सवयीने. दाताळ्याचा दांडा छातीपर्यंत येईल एवढा लांब हवा. घमेलं अर्धंच भरावं. हातगाडी पाठीमागे नको, समोर हवी. म्हणजे भरलं फावडं घेऊन कंबरेतून वळावं लागत नाही, पाय फिरवले की झालं.

एवढं करूनही काही लक्षणं दिसली तर मात्र वाट पाहत थांबायचं नसतं. खोगिरावर टेकणारा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत झाली, पायातलं बळ गेलं, तर लीद तशीच टाकून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.