चक बेरी: रॉक अँड रोलचा खरा वस्ताद

रॉक अँड रोल म्हटलं की आपल्याकडे आधी एल्विसचं नाव निघतं. पण बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स ज्याच्या रेकॉर्ड ऐकून गिटार शिकले, तो चक बेरी.

जन्म १९२६, सेंट लुईस. पोरवयात दरोड्यापायी सुधारगृह, मग कारखान्यात नोकरी, केशरचनेचं शिक्षण आणि रात्री क्लबात वादन. १९५५ मध्ये शिकागोत ब्लूज गायक मडी वॉटर्सनं त्याला चेस रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीकडे धाडलं. तिथं ‘मेबलीन’ ध्वनिमुद्रित झालं आणि तुफान चाललं. गाणं रेडिओवर वाजावं म्हणून गीतकारांत रेडिओ निवेदक अ‍ॅलन फ्रीडचंही नाव, म्हणजे रॉयल्टीत वाटेकरी! तेव्हा धंदा असाच चालायचा.

स्वभावानं मात्र महाबिलंदर. गिटार घेऊन गावोगावी एकटाच जायचा, साथीला स्थानिक पोरं. तालीम नाही, गाण्यांची यादी नाही. मानधन रोख आणि आधी. एकदा साथीला पुढे रॉकस्टार झालेला तरुण ब्रूस स्प्रिंगस्टीन होता! हाच रोखीचा कारभार पुढे अंगाशी आला आणि १९७९ मध्ये करचुकवेगिरीसाठी तुरुंगवास घडला. त्याआधी साठच्या दशकातही एका खटल्यात तो आत जाऊन आला होता.

गंमत म्हणजे अमेरिकेच्या पॉप यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं त्याचं एकमेव गाणं १९७२ चं, चावट आणि माझ्या मते सुमार. ‘जॉनी बी. गुड’ मात्र १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेलं.

२०१७ मध्ये, नव्वदाव्या वर्षी तो गेला. ‘जॉनी बी. गुड’ आज जरूर ऐका. शब्द सुरू होण्याआधी गिटारवर दोन-दोन तारा एकदम कशा बोलतात, तिकडे कान द्या.