डोकं दुखलं की मान मोडायची? कायरोप्रॅक्टिकचे विद्यार्थी आधी काय शिकतात, ते वाचा

रील्स उघडल्या की असा एक तरी व्हिडिओ समोर येतोच. टेबलावर झोपलेला माणूस, मानेला एक झटका, 'कट्' असा आवाज आणि खाली दावा, 'जुनी डोकेदुखी गायब!' किनवटच्या माणसाला याचं फारसं नवल वाटणार नाही. दाढी-कटिंग झाली की सलूनमध्येच मान मोडून घेणारे गावोगाव आहेत. पण हाच ज्यांचा पेशा, त्या कायरोप्रॅक्टरना डोकेदुखीबद्दल काय शिकवतात?

कायरोप्रॅक्टिक म्हणजे काय?

मणके आणि सांधे हाताने हलवून उपचार करायची ही पद्धत. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टमध्ये ती सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या सूचनांनुसार, आरोग्य क्षेत्रात नवख्या विद्यार्थ्याचं शिक्षण किमान ४,२०० तासांचं हवं. त्यातले किमान १,००० तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे.

आधी प्रश्न, मग हात

कुठे दुखतं? किती वेळ? गोळ्या किती घेता? उत्तरांवरून डोकेदुखीचा प्रकार ओळखायचा असतो.

- मायग्रेन: ४ ते ७२ तास टिकतं. बहुतेकदा एक बाजू ठणकते, मळमळतं, उजेड आणि आवाज सोसत नाही.
- ताणाची डोकेदुखी: डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं.
- मानेतून येणारी: मान हलवली की वाढते, मान नीट वळत नाही.
- गोळ्यांमुळे होणारी: साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास.

मान हलवण्याच्या उपचाराचा थोडाफार फायदा दिसतो तो मुख्यतः मानेतून येणाऱ्या डोकेदुखीत. नॉर्वेत मायग्रेनच्या १०४ रुग्णांवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खरा उपचार आणि नुसता दिखाव्याचा उपचार, दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच निघाला.

हात कधी लावायचा नाही?

सगळ्यात मोठा धडा हाच. पुढचं काहीही दिसलं तर रुग्णाला थेट दवाखान्यात पाठवायचं:

- अचानक उठलेली, आयुष्यातली सगळ्यात जोराची डोकेदुखी
- ताप आणि ताठरलेली मान
- तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हातपाय लुळे पडणं
- डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी

कारण मानेतल्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटला, तर सुरुवातीला नुसती मान आणि डोकंच दुखू शकतं. पुढे त्यातून पक्षाघात होऊ शकतो. मानेला झटका दिल्यामुळेच हे घडतं, असं सिद्ध झालेलं नाही. पण दोन्हींत संबंध आढळतो, त्यामुळे रुग्णाला आधी कल्पना द्यावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये सांगितलं.

किनवटकरांनी काय करावं?

आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यातल्या यादीत फिजिओथेरपी आहे, कायरोप्रॅक्टिक नाही. म्हणून मानेला हात लावू देण्याआधी समोरच्याची पदवी आणि नोंदणी विचारा.

पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरहून लांब आहे. म्हणून वरची लक्षणं दिसली तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा गोकुंद्याचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. मान मोडून घेण्यात गेलेला तास परत मिळत नाही.