‘जर्मन’च्या पोटातली गारगोटी

मे महिन्याच्या दुपारी मेहरूण तलावाच्या काठी चिटपाखरू दिसत नाही. जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास मुक्काम ठोकतो आणि शहरातल्या गॅरेजांमध्ये एकच तक्रार दिवसभर ऐकू येते: गाडी तापते. जाणता मिस्त्री आधी इंजिन निवू देतो, मग डिपस्टिक ओढून बघतो. ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं की त्याला पुढचं सांगावं लागत नाही. पाणी ऑइलमध्ये उतरलंय, हेड गॅस्केट गेलंय, कदाचित हेडही वाकलंय.

हे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं असतं. अलीकडच्या पुष्कळ पेट्रोल गाड्यांत त्याखालचा ब्लॉकही ॲल्युमिनियमचाच. पूर्वी ब्लॉक म्हटला की तो बिडाचा, भाकरीच्या जुन्या तव्यासारखा जड आणि टणक. एक लिटर जागा व्यापणारं बीड सव्वासात किलोच्या घरात भरतं, तर तेवढंच ॲल्युमिनियम २.७ किलो. शिवाय ते उष्णता बिडाच्या दुपटीहून अधिक वेगाने वाहून नेतं. खानदेशातल्या उन्हात ही मोठीच जमेची बाजू.

पण हा तोच धातू, ज्याच्या भांड्यांना आपल्या आज्या ‘जर्मन’ म्हणायच्या. जर्मनचं पातेलं हातातून सुटलं की पोचा आलाच. मिनिटाला हजारो वेळा पेट्रोल पेटणार त्या जागी असा मऊ धातू टिकतो कसा? टिकतो तो सिलिकॉनमुळे. गारगोटीत ऑक्सिजनशी बांधलेलं हे मूलद्रव्य विजेच्या भट्टीत कोळशाच्या मदतीने सुटं करतात आणि ॲल्युमिनियममध्ये मिसळतात. इंजिनाच्या ओतकामात ते बहुधा ६ ते १२ टक्के असतं.

या मिश्रणाची पहिली करामत पॉटमधल्या आईस्क्रीमसारखी आहे. बर्फावर खडेमीठ टाकलं की तो शून्याखालीही वितळू लागतो. तसंच इथे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, सिलिकॉन १४१४ अंशांना. पण सुमारे १२.६ टक्के सिलिकॉन असलेलं मिश्रण ५७७ अंशांनाच पातळ होतं. हा रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत, कूलंटच्या अरुंद वाटांभोवतीच्या पातळ भिंतींत सहज शिरतो. दुसरी करामत त्याहून मोलाची. ॲल्युमिनियम गोठताना सहा-साडेसहा टक्के आकसतं आणि त्यामुळे ओतीव भागात पोकळ्या राहतात. सिलिकॉन मात्र पाण्यासारखं गोठताना फुगतं. एकाचं आकसणं दुसरं बरंचसं भरून काढतं.

तरीही बराच काळ हा मिश्रधातू ठिसूळच निघत असे. गोठताना सिलिकॉनच्या धारदार पात्या तयार होत आणि तडा त्या पात्यांच्या कडेने धावत जाई. हंगेरीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत क्लीव्हलँडला काम करणाऱ्या अलादार पाक्झ या रसायनशास्त्रज्ञाने वितळलेल्या रसात सोडियमचा क्षार टाकून पाहिला. पात्या गेल्या आणि त्यांच्या जागी प्रवाळासारखे बारीक, गोलसर धागे आले. त्याचं पेटंट १९२१ चं. आज तेच काम बहुधा स्ट्रॉन्शियम करतं, तेही टनाला शे-दोनशे ग्रॅम. एवढ्याशा चिमटीवर अख्ख्या ब्लॉकचा चिवटपणा अवलंबून असतो, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा प्रश्न वेगळा. तिथे पिस्टनच्या रिंगा अखंड घासत असतात. सरळ उपाय म्हणजे ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बिडाचा लायनर, म्हणजे आतलं अस्तर, बसवायचा. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या स्कोडा कुशाक, फोक्सवॅगन टायगुन या गाड्यांच्या एक लिटर टर्बो इंजिनात हीच रचना आहे. १९७० मध्ये आलेल्या शेव्हरोले व्हेगाने मात्र लायनरच काढून टाकला. तिच्या ब्लॉकमध्ये सिलिकॉन तब्बल १७ टक्के होतं. चिक्की चघळताना गूळ विरघळतो आणि दाणे वर उरतात, तसा भिंतीवरचा ॲल्युमिनियमचा थर किंचित झिजवून सिलिकॉनचे कठीण कण उघडे ठेवले होते. कल्पना उत्तम होती. पण ती गाडी तापायची, कूलंट कमी पडायचं आणि तापलेल्या सिलिंडरच्या भिंती खराब होऊन इंजिन ऑइल प्यायला लागायचं. पुढे पोर्शे ९२८ने जास्त सिलिकॉनचा, विनालायनरचा ब्लॉक यशस्वी करून दाखवला.

महाराष्ट्राला हा धातू परका नाही. अजिंठ्याच्या रस्त्याने जळगावहून छत्रपती संभाजीनगर गाठलं की पुढे वाळूज लागतं. १९८५ मध्ये तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकीचे ॲल्युमिनियमचे भाग ओतणारे डायकास्टिंगचे उद्योग त्याच्या आसपास वाढले. पोलादी साच्यात प्रचंड दाबाने रस घुसवायचा, काही सेकंदांत भाग बाहेर. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत दाखवलेल्या, पुण्यात आकाराला आलेल्या टाटा नॅनोचं दोन सिलिंडरचं, सुमारे ६२४ सीसीचं इंजिनही पूर्ण ॲल्युमिनियमचंच होतं. जेमतेम सहाशे किलोच्या गाडीत बिडाचं ओझं परवडणारं नव्हतं.

या धातूची दुखरी बाजू म्हणजे अति उष्णता. दोन-अडीचशे अंशांपुढे त्याची ताकद झपाट्याने उतरते. तापल्यावर तो बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. म्हणून बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड असेल तर तापलेल्या इंजिनात दोघांची ओढाताण होते. त्यात रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओतलं, तर क्षारांचे थर वाटा बुजवतात आणि धातूही गंजतो. कंपनीने सांगितलेलं कूलंट ठरल्या प्रमाणात घालायचं ते एवढ्यासाठी. थंडी पडत नाही म्हणून कूलंट नको, हा समज जळगावसारख्या गावात तर फारच महागात पडतो.

हेड उतरवल्यावर मिस्त्री ते पुसून लख्ख करतो. त्यावर पोलादी सरळ पट्टी आडवी, उभी, मग तिरपी ठेवतो आणि पट्टीखाली फिलर गेजचं सगळ्यात पातळ पान सरकवून बघतो. पुष्कळ इंजिनांना पाच शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त बाक चालत नाही. पान अडलं तर नवं गॅस्केट टाकून काम भागतं. सरकलं, तर हेड फेसिंगसाठी, म्हणजे घासून सपाट करायला, मशीन शॉपला जातं.