आपल्या मराठी वर्गात पॉवरपॉइंट

बँकेतल्या ३४ वर्षांत मी शेकडो स्लाइड पाहिल्या आणि त्यांतल्या बऱ्याच डुलक्या काढत पाहिल्या. तिमाही आढावा बैठकीत साहेब पडद्यावर आठ-दहा ओळी टाकत आणि मग त्याच ओळी आम्हाला वाचून दाखवत. थकीत कर्जाचा आकडा सोडला तर झोप उडवणारे त्यात काही नसे. त्यामुळे रविवारच्या मराठी वर्गासाठी प्रोजेक्टर घेण्याचा विषय मंडळाच्या कार्यकारिणीत निघाला, तेव्हा विरोधात पहिला हात माझाच वर गेला होता.

वर्गाची अवस्था मात्र नाजूक होती. दोन वर्षांपूर्वी १९ मुले होती, ती ७ वर आली होती. ही मुले घरी मराठी ऐकतात, थोडीफार बोलतातही. पण आजीने फ्रीजवर 'दूध तापवून ठेव' अशी चिठ्ठी लावली, तर ती चिठ्ठी वाचून घ्यायला आईला फोन करतात. वर्ग बंद करून हॉल त्या वेळेत योगासनांना द्यावा, असेही बोलणे झाले होते. शेवटी प्रोजेक्टर आला. आणि ज्याने विरोध केला त्यानेच वर्ग घ्यावा, असा न्याय झाला.

पहिल्या रविवारी मी नेमके साहेबांनी केले तेच केले. एका स्लाइडवर एक अशी सगळी बाराखडी मांडली. तिसऱ्या स्लाइडला एका मुलाने विचारले, "आजोबा, अजून किती आहेत?" त्यात आणखी एक फजिती झाली. मी घरी जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केले होते. हॉलच्या संगणकावर तो फाँट नव्हता, म्हणून 'क'च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि कंस उमटले. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की मजकूर युनिकोडमध्येच टाइप करायचा. म्हणजे दुसऱ्या संगणकावर फार तर अक्षराचे वळण बदलते, अक्षर बदलत नाही. तेच वळण हवे असेल तर विंडोजच्या पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह येथे जाऊन 'एम्बेड फाँट्स' या चौकटीत खूण करावी. बहुतेक फाँट फाइलबरोबर जातात.

आपल्या बडोद्याच्या मुलांची अडचण पुणे-मुंबईच्या मुलांपेक्षा वेगळी आहे. काहींना शाळेत आधी गुजराती लिपी येते, काहींना हिंदीमुळे देवनागरी. गुजरातीवाल्यांना वाटते मराठी अक्षरे परकी आहेत. खरे तर म, ग, र, न, प, व ही अक्षरे दोन्ही लिपींत जवळजवळ तीच आहेत, गुजरातीत फक्त शिरोरेषा नाही. हे मी फळ्यावर दहा वेळा सांगितले होते, तरी डोक्यात शिरले नव्हते. मग स्लाइडवर गुजरातीत मोठ्या अक्षरांत 'मगर' लिहिले. वर एक सरळ जाड रेघ काढली आणि तिला 'वाइप' हे ॲनिमेशन दिले, डावीकडून उजवीकडे. क्लिक केले की रेघ हळूहळू पुढे सरकते आणि शब्द देवनागरी होतो. विश्वामित्रीतली मगर प्रत्येकाने पुलावरून नाही तर मोबाइलवर पाहिलेली. एक मुलगी ओरडली, "आजोबा, मगर मराठी झाली!" त्या दिवशी नगर, गरम, पवन हे सगळे शब्द मराठी झाले. क, ज, फ यांची वळणे वेगळी आहेत, ती नंतर फळ्यावर घेतली. फळ्याची जागा पडदा घेऊ शकत नाही. अक्षर हातातून उतरावेच लागते.

हिंदीवाल्यांची गोष्ट उलटी. त्यांना शिरोरेषा येते, पण 'ळ' येत नाही. गुजरातीत 'ळ' आहे. म्हणून केळे, बाळ, सकाळ या शब्दांची चित्रे टाकून जोड्या लावल्या, गुजरातीवाल्याने हिंदीवाल्याला 'ळ' म्हणायला शिकवायचे. या स्लाइडवर करामत काहीच नाही, नुसती चित्रे आहेत. तरी हा तास सर्वांत जास्त आवाजाचा झाला.

सगळ्यांनाच अवघड गेले ते दोन प्रकारचे 'च' आणि 'ज'. चंद्रातला च आणि चाकातला च लिहायला एक, म्हणायला दोन. जिभेतला ज आणि जावयातला ज तसेच. हे वाचून कळत नाही, ऐकावेच लागते. दांडिया बाजारात राहणाऱ्या आपल्या एक ज्येष्ठ सभासद आहेत, त्यांचे उच्चार नाण्यासारखे खणखणीत. त्यांच्या घरी लॅपटॉप नेला. 'इन्सर्ट'मध्ये 'ऑडिओ' आणि त्यात 'रेकॉर्ड ऑडिओ' असे असते, त्यातून एकेक शब्द त्यांच्या आवाजात घेतला. चित्रावर क्लिक केले की त्यांचा आवाज येतो. 'चाक' म्हणून झाल्यावर त्या सवयीने म्हणाल्या, "परत म्हण बरं." ते पुसायचे राहून गेले. आता मुले एकमेकांना चूक दाखवताना तसेच म्हणतात, त्याच सुरात. मध्यंतरी आजींच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि चार महिने त्या हॉलची पायरी चढू शकल्या नाहीत, पण वर्गात दर रविवारी होत्या.

आता मुलांच्या सर्वांत आवडत्या खेळाविषयी. पहिल्या स्लाइडवर मांडवी, आणि तिच्या चार बाजूंना लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट हे चार दरवाजे. खाली वाक्य : 'मला सुरसागर तलावावर जायचे आहे. कोणत्या दरवाजाने जाऊ?' लहरीपुऱ्यावर क्लिक केले तर न्यायमंदिर लागते आणि पुढे सुरसागर. पाणीगेटवर केले तर पाटी येते : 'हा रस्ता आजव्याकडे जातो. मागे फिर.' प्रत्येक पाटी वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्यामुळे मुले न सांगता वाचतात. करायला सोपे आहे. चित्र निवडायचे, 'इन्सर्ट', 'लिंक', 'प्लेस इन धिस डॉक्युमेंट' आणि हवी ती स्लाइड. एक खोच मात्र मला तीन रविवारांनी सापडली. मुलाचा क्लिक चित्राबाहेर पडला की नुसतीच पुढची स्लाइड येते आणि सुरसागरला निघालेला भलतीकडेच पोहोचतो. त्यावर उपाय म्हणजे 'सेट अप स्लाइड शो'मध्ये 'ब्राउज्ड ॲट अ किऑस्क' निवडणे. मग लिंकशिवाय काही हलत नाही. बाहेर पडायला 'एस्केप' दाबायचे. परत मांडवीला येण्याची लिंक प्रत्येक स्लाइडवर द्यायला विसरू नका, नाहीतर मूल आजव्यालाच अडकते.

माझे आवडते बटण मात्र 'बी'. शो चालू असताना ते दाबले की पडदा काळा होतो, पुन्हा दाबले की स्लाइड परत येते. गोष्ट रंगात आली की मी पडदा काळा करतो. मग मुले माझ्याकडे बघतात. आढावा बैठकीत हे बटण मला माहीत असते, तर माझ्या नोकरीचे काय झाले असते कोण जाणे.

हा प्रोग्रॅम १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी आला आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी फोरथॉट ही कंपनी विकत घेतली. तो जन्माला आला कचेरीतल्या माणसांसाठी, हे त्याच्या तयार साच्यांवरून आजही कळते. म्हणून मी 'मथळा आणि खाली मुद्दे' हा साचा वर्गात वापरत नाही, 'ब्लँक' घेतो. ज्यांच्याकडे पॉवरपॉइंट नाही त्यांना लिबर ऑफिसचे 'इम्प्रेस' फुकट मिळते. त्यातही यातले बहुतेक जमते.

गेल्या दिवाळीनंतर स्लाइड मुलांनाच करायला दिल्या. नियम असा, की घरातल्या एका जुन्या वस्तूचा फोटो, त्याखाली जास्तीत जास्त सहा शब्द, बाकीचे तोंडाने सांगायचे. पहिल्या खेपेला अक्षरे गरगर फिरली आणि टाळ्यांचे आवाज आले, ते चालायचेच. एका मुलाने पुरणयंत्राचा फोटो आणला. ते काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून आजीला विचारले. आजी त्याच्याशी नेहमी मोडक्या हिंदीत बोलायची, त्याला मराठी समजणार नाही असे धरून. त्या संध्याकाळी ती तासभर मराठीत बोलली. त्याच्या स्लाइडवर पाचच शब्द होते : 'हे आजीच्या आईचे आहे. जड.' पुढच्या रविवारी तो आजीलाच घेऊन आला.

सध्या वर्गात १४ मुले आहेत. सकाळी दहाची वेळ कायम आहे आणि योगासने साडेआठला होतात. आम्हाला आता आवाज हवे आहेत : ओव्या, उखाणे, आजोळच्या गोष्टी, भाजीवाल्याशी केलेली घासाघीस, काहीही. मोबाइलवर रेकॉर्ड करून दिलेत तरी चालेल. फक्त त्या वेळी पंखा बंद ठेवा, नाहीतर पडद्यावर चंद्र दिसतो आणि ऐकू वादळ येते.