वळणदार दिसलं म्हणजे निसर्गाकडून घेतलं?

डब्लिनच्या ग्लासनेविन भागातलं राष्ट्रीय वनस्पती उद्यान १७९५ सालचं. प्रवेश फुकट, त्यामुळे शाळांच्या सहलींना सोयीचं. ‘निसर्गाकडून शिकलेल्या रचना’ हा सहलीचा विषय असेल, तर मुलांचं बोट आधी जातं ते तिथल्या लोखंड आणि काचेच्या वळणदार हरितगृहाकडे. छताच्या कमानी पाहून ‘हे पानावरून घेतलंय’ असं कुणीतरी म्हणणारच.

हा पहिला गैरसमज. हे हरितगृह उभारणाऱ्यांत मोठं नाव डब्लिनच्या रिचर्ड टर्नरचं. लंडनजवळच्या क्यू उद्यानातलं ताडगृहही त्याच्याच हातचं, आणि त्याच्या लोखंडी फासळ्यांचं तंत्र आलं जहाजबांधणीतून. आकार पानाफुलांसारखा दिसला, म्हणजे विचारही तिथूनच आला असं होत नाही. निसर्गापासून शिकायचं ते काम कसं चालतं हे; रूप नंतर कसंही असो.

याच बागेत १८५४ साली व्हिक्टोरिया या अ‍ॅमेझॉनच्या महाकाय कमळासाठी वेगळं काचघर बांधलं गेलं. या कमळाभोवती दुसरी, जास्त चिवट दंतकथा आहे: इंग्लंडमधला माळी जोसेफ पॅक्स्टन याने त्याचं पान पाहिलं आणि त्याला १८५१ च्या लंडन प्रदर्शनाचा काचमहाल, म्हणजे क्रिस्टल पॅलेस, सुचला. गोष्ट निम्मी खरी आहे. पानाच्या खालच्या बाजूला मध्यापासून निघालेल्या जाड शिरा आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिरा यांचा सांगाडा असतो. पॅक्स्टन सांभाळत असलेल्या चॅट्सवर्थच्या बागेत १८४९ मध्ये हे कमळ फुललं, तेव्हा पॅक्स्टनने आपल्या लहान मुलीला त्या पानावर उभं करून पाहिलं आणि पुढे व्याख्यानात पान दाखवून त्याचं श्रेयही दिलं. पण क्रिस्टल पॅलेसचं घड्याघड्यांचं काचछप्पर तो १८३० च्या दशकापासूनच वापरत होता, आणि ती कल्पनाही त्याच्याआधी उद्यानतज्ज्ञ लाउडनने मांडलेली होती. हाताशी तयार असलेल्या तंत्राला पानाने बळ दिलं, असं म्हणणं जास्त प्रामाणिक. अर्थात सहलीत सांगायला दंतकथाच सोपी!

‘गुळगुळीत पृष्ठभाग स्वच्छ राहतो’ हेही असंच. अळवावरचं पाणी आपल्याला म्हणीतून ठाऊक आहे. आयर्लंडच्या परसात अळू नसलं तरी कोबी असतो. त्याच्या पानावर थेंब टाकला की तोही मोत्यासारखा घरंगळतो. पाणी असंच झटकणाऱ्या आपल्याकडच्या कमळाचं पान सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर ते खडबडीत निघतं: बारीक उंचवटे आणि त्यांवर मेण. थेंब टेकतो फक्त टोकांवर आणि घरंगळताना धूळ बरोबर घेऊन जातो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलोट यांनी हे उलगडून दाखवलं, आणि त्यातून आपोआप स्वच्छ होणारे रंग आले.

निसर्गाची रचना परिपूर्ण असते, हा समज तर शिक्षकही पसरवतात. डब्लिनच्याच ट्रिनिटी कॉलेजात डिर्क्स आणि टेलर यांनी २०१२ मध्ये टोळाच्या पंखांवर प्रयोग केले. पंखाचा पातळ पापुद्रा सहज फाटतो, पण चीर आडव्या शिरेपाशी अडते. शिरांमुळे पंखाची चीर रोखण्याची ताकद सुमारे निम्म्याने वाढते. शिरा आणखी दाट असत्या तर पंख जड झाला असता, विरळ असत्या तर चीर पसरली असती. वजन आणि मजबुती यांतली ही तडजोड आहे. आपल्या वस्तूला उडायचंच नसेल, तर टोळाची तडजोड जशीच्या तशी उचलण्यात काय अर्थ?

निसर्गातून घेतलं म्हणजे पर्यावरणपूरक, हेही खरं नाही. व्हेल्क्रोची कल्पना स्वित्झर्लंडच्या दे मेस्त्रालला कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या बर्डॉकच्या बोंडांवरून सुचली. ती बोंडं आयर्लंडच्या रस्त्याकडेलाही दिसतात आणि मातीत कुजून जातात. व्हेल्क्रो नायलॉनचं.

गैरसमजाचं सगळ्यात मजेशीर उदाहरण झिंबाब्वेच्या हरारेतलं. १९९६ साली उघडलेली ईस्टगेट ही इमारत वास्तुविशारद मिक पिअर्स यांनी वाळवीच्या वारुळावरून बेतली: आतली गरम हवा वर जाते आणि खालून थंड येते, म्हणून वारूळ गार राहतं, अशी तेव्हाची समजूत. पुढे नामिबियातल्या वारुळांचा अभ्यास करणाऱ्या स्कॉट टर्नर आणि रुपर्ट सोअर यांनी २००८ मध्ये दाखवलं, की घरट्याचं तापमान मुख्यतः भोवतालच्या जमिनीनुसार बदलतं. वारुळाचं काम फुप्फुसासारखं, वायूंची देवाणघेवाण करण्याचं आहे. वाळवीबद्दलची समजूत चुकली, तरी रात्रीची थंड हवा पंख्यांनी आत खेचून जाड भिंतींत गारवा साठवणारी ईस्टगेट मात्र आजही कमी विजेत गार राहते.